पान दोनशे तेरा

वडशाच्या स्टेशन रोडवर माझं टायपिंगचं दुकान आहे.
उत्पन्नाचे दाखले, लग्नपत्रिका, तेरवीचे निमंत्रण.
तिथं रामटेके मीटरवाल्याची लेक आली
धानाच्या बियाण्याच्या पोत्यात
बापाचं समग्र लेखन घेऊन.
म्हणाली, पुस्तक करायचं. पैसे हप्त्यानं.

धर्मदास रामटेके.
वीज मंडळात रीडिंग घ्यायचे,
आणि 'साप्ताहिक गाढवीकाठ'मध्ये, पान तीन, खाली डावीकडे,
गाण्याबजावण्यावर लिहायचे. रागदारीवर नाही.
मंडईतला ऑर्केस्ट्रा, नाटकाच्या मधात होणारा रेकॉर्ड डान्स,
दुय्यम कव्वाली, शंकरपटातला भोंगा.
"ज्या गाण्यावर माणूस चप्पल हातात घेऊन नाचते
त्याचाही हिशेब कोणी ठेवाले पाहिजे.
मी युनिटाचा ठेवतो, त याचा काहून नोको?"

टाइप करत जाते.
एका कात्रणावर हळदीचा डाग,
एकाचं शेपूट वाळवीनं खाल्लेलं.
तिथं लिहिते: पुढील मजकूर उपलब्ध नाही.

"कुरखेड्याच्या बँडमधला क्लॅरिनेट
नवरीच्या बापासारखा वाजला.
सगळ्याच्या मागं, आन् सगळ्यात खरा."

"भंडाऱ्याच्या फॅक्टरीतल्या भाच्यानं विलायती कॅसेट देल्ली.
शब्द एक नाही समजला. गिटार अशी, जशी
वाऱ्यानं तारेवर तार घासते.
गाणारा पोरगा कोणाले तरी सांगून राहिला
का मी आता घरी येत नाही.
त्याच्या मायनं हे ऐकलं असन का?"
बस. गायकाचं नाव नाही, साल नाही.
याला तळटीप काय देऊ?

"डीजे आला. छातीत वाजते, कानात नाही.
मी म्हातारा झालो का? पुन्हा जाऊन पाहीन."
आणि पुढच्याच अंकात, दोन ओळी:
"पुन्हा गेलो. पोरं खुश होते. माझंच चुकलं असन."

मग ते कात्रण.
"ऑक्टोपॅडवर शालिक दोनाडकर.
हात आहे, कान नाही.
गाणं निघून गेल्यावर पोचते, रात्रीच्या एसटीसारखा."

दोनाडकर माझे बाबा.
आमच्या घरी ऑक्टोपॅड माळ्यावर असतो, गोधडीत.
रामटेके रीडिंगला आले
की बाबा मागच्या दारानं बोडीकडे निघून जायचे.
मीटर आई दाखवायची.
मला वाटायचं, बिल थकलं असेल.

कर्सर ओळीच्या टोकाशी लुकलुकत राहिला.
बॅकस्पेसवर बोट ठेवलं तर तीन सेकंदांचं काम.
रामटेकेंच्या लेकीला कळलंही नसतं.

संध्याकाळी वाचून दाखवलं.
बाबा लसूण सोलत होते. सोलत राहिले.
एक गड्डी संपली.
"टाक," म्हणाले. "पण तारीख चुकली त्याची.
सव्वीसले आम्ही अर्जुनीले होतो. सत्तावीस कर.
आन् हेही टाक, त्या रात्री व्होल्टेज नव्हतं.
ॲम्प्लिफायर दमेकऱ्यासारखा ओढून राहिला होता.
मी हाणतो आत्ता, आवाज येते मंग.
हे मीटरवाल्याले समजाले नोको?"

तळटीप घातली, आठ पॉइंटात:
त्या रात्री विजेचा दाब कमी होता, असे वादकाचे म्हणणे आहे.
'म्हणणे' हा शब्द काढावा का,
यावर मी अर्धा तास घालवला. ठेवला.
रामटेकेंनीही ठेवला असता.

दुसऱ्या दिवशी बाबा पहिल्यांदा दुकानात आले.
चष्मा लावून स्क्रीनकडे बघत राहिले.
"मागं नावांची यादी राहीन ना? मी श मध्ये का द मध्ये?"
द मध्ये. दोनाडकर, शालिक.
"पान?"
दोनशे तेरा.
"एकच?"
मी पुन्हा शोधून पाहिलं. एकच.

शेजारच्या मोबाइलवाल्याकडे कुठलंतरी नवं गाणं लागलं होतं.
बाबांची दोन बोटं टेबलाच्या पत्र्यावर वाजत होती,
गाण्याच्या मागून,
केसभर मागून.